गुंटूरची डॉक्टर-धर्मभगिनी मेरी ग्लाउरी

इसवी सन १८८७ हे साल आम्हां मराठी वाचकांना एका अकाली मृत्यूमुळे स्मरते. त्या वर्षीच्या २६ फेब्रुवारीस पुणे मुक्कामी डॉ. आनंदीबाई जोशी यांची प्राणज्योत मालवली. आदल्याच वर्षी अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम. डी. ही पदवी मिळवून त्या मायदेशी परतल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने ग्रासलेल्या त्या देहाला तेथवर पोहोचणेही लाभले नाही. वयाची बावीस वर्षे पूर्ण व्हायला अजून महिनाभराचा अवकाश होता. 'हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची गरज आहे' एवढी एकच गोष्ट जगाला सांगण्यासाठी त्या जणू जन्मल्या होत्या.

त्याच १८८७ साली, सातासमुद्रांपलीकडे, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाने आपल्या वैद्यकीय शाखेचे दरवाजे प्रथमच मुलींना खुले केले. आणि त्याच वर्षी २३ जून रोजी त्या देशाच्या व्हिक्टोरिया प्रांतात, बिरेगुरा नावाच्या लहानशा गावी, एका आयरिश वंशाच्या कॅथॉलिक कुटुंबात मेरी ग्लाउरी ही कन्या जन्मास आली. एक दीप मालवला, एक दार उघडले, एक बालक जन्मले. या तिन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. परंतु देवाच्या योजनेकडे मागे वळून पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या श्रद्धावंतांना त्यांतील धागा दिसल्यावाचून राहत नाही.

भारतातील कॅथॉलिक रुग्णालयांचा इतिहास ज्या स्त्रीच्या नावावाचून सांगताच येत नाही, त्या सिस्टर डॉ. मेरी ग्लाउरी यांचे नाव मात्र आपल्या धर्मग्रामांतून फारसे ऐकू येत नाही. म्हणून या लेखात त्यांच्या जीवनाचा आणि मृत्यूचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जपमाळेच्या घरातली मुलगी

एडवर्ड आणि मार्गारेट ग्लाउरी या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. मेरी त्यांपैकी तिसरी. पुढे हे कुटुंब व्हिक्टोरियाच्या वायव्येकडील मॅली या रुक्ष प्रदेशात, वॉचेम या गावी स्थायिक झाले. पावसाने दगा दिला की शेते करपणारी, दूरदूरवर विखुरलेल्या घरांची ही वस्ती. अशा वस्तीत घराघरांतली सायंकाळची जपमाळ हेच लोकांचे चर्च असते. आपल्याकडेही जुन्या काळी दिवेलागणीला घरातली वडीलधारी मंडळी सर्वांना क्रुसापुढे बसवीत आणि जपमाळ संपली की गावातल्या आजाऱ्यांची नावे घेऊन एकेक 'नमो मरिया' म्हणवून घेत. ग्लाउरींच्या घरीही श्रद्धेची ठेव मुलांच्या हाती पडली ती याच वाटेने.

मेरीची बुद्धी तल्लख होती. किशोरवयातच तिने शिष्यवृत्ती मिळवली आणि घर सोडून ती शिक्षणासाठी मेलबर्नला आली. तेथे धर्मभगिनींच्या आश्रयाखाली राहून तिने शालेय शिक्षण पुरे केले. विद्यापीठात ती आधी कला शाखेत दाखल झाली होती. पण वडिलांच्या प्रोत्साहनाने तिने वैद्यकाकडे वळायचे ठरविले. विसाव्या शतकाच्या आरंभी एका खेडवळ कॅथॉलिक बापाने 'मुलगी डॉक्टर होवो' असे म्हणावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. संतांच्या आणि सेवकांच्या चरित्रांत आपण त्यांच्या मातांचा उल्लेख आवर्जून करतो. येथे एका पित्याचीही कृतज्ञतेने नोंद घ्यावी असे आम्हांला वाटते.

१९१० साली मेरी डॉक्टर झाली. परंतु पदवी हाती आली म्हणून स्त्रीला रुग्णालयात जागा मिळेलच असे ते दिवस नव्हते. पहिली निवासी डॉक्टरकी तिला मिळाली ती समुद्र ओलांडून, न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे. तेथून परतल्यावर मेलबर्नच्या नेत्र व कर्ण रुग्णालयात आणि संत व्हिन्सेंट रुग्णालयात तिने काम केले. शहराच्या मध्यवर्ती कॉलिन्स स्ट्रीटवर स्वतःचा दवाखाना थाटला. तिशी उलटण्यापूर्वीच प्रतिष्ठा, प्राप्ती आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी तिच्या पदरी होत्या.

एका पुस्तिकेची हाक

१९१५ च्या ऑक्टोबर महिन्यातील एका रविवारी डॉ. मेरी यांच्या हाती एक छोटीशी पुस्तिका पडली. तिच्यात डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश स्त्रीच्या कार्याची माहिती होती, तसेच हिंदुस्थानात वैद्यकीय मदतीअभावी दगावणाऱ्या तान्ह्या बालकांची आणि त्यांच्या मातांची करुण कहाणी होती. ती वाचून डॉ. मेरी गुडघे टेकून प्रार्थनेस बसल्या, आणि उठल्या त्या आपल्या आयुष्याची दिशा ठरवूनच.

ही अ‍ॅग्नेस मॅक्लारेन कोण, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १८३७ साली एडिंबरो येथे एका प्रेस्बिटेरियन घराण्यात तिचा जन्म झाला. वडील पार्लमेंटचे सभासद. एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकू पाहणाऱ्या सोफिया जेक्स-ब्लेक आदी स्त्रियांनी जो प्रसिद्ध लढा दिला, त्याच्या पाठीराख्यांत अ‍ॅग्नेस होती. त्याच लढ्यातील एडिथ पीची पुढे मुंबईला आल्या आणि स्त्रिया व बालकांसाठी १८८६ साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली, हे मुंबईकर वाचकांनी ध्यानात ठेवावे. स्वतः अ‍ॅग्नेसने फ्रान्समधील माँपेलिए येथे १८७८ साली पदवी मिळवली, आणि १८९८ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कॅथॉलिक श्रद्धेचा स्वीकार केला.

साठी उलटलेली माणसे बहुधा आवराआवरीच्या गोष्टी बोलतात. अ‍ॅग्नेसबाईंनी नवा संसार मांडला! रावळपिंडीच्या मिशनमध्ये पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे जात नाहीत, म्हणून औषधपाण्यावाचून मरतात, हे कळताच त्यांनी तेथे स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभारण्यास साहाय्य केले. वृद्धपणी स्वतः तेथवर जाऊन आल्या. पण रुग्णालय चालवायचे कोणी? आपल्या धर्मभगिनी त्यागी, आज्ञाधारक, आयुष्यभर एका जागी राहणाऱ्या. त्यांच्याइतके योग्य दुसरे कोण होते? नेमका तेथेच अडसर होता.

कायदा आणि करुणा

हा अडसर शतकानुशतके जुना होता. बाराव्या शतकातील दुसऱ्या लॅटरन परिषदेने (११३९) मठवासीयांना धनलोभापायी वैद्यक शिकण्यास मनाई केली. तेराव्या शतकातील चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) धर्मसेवकांना शस्त्रक्रियेपासून दूर राहण्यास फर्माविले. हेतू वाईट नव्हता. वेदीवर ख्रिस्तप्रसाद हाताळणारे हात रक्ताने माखू नयेत, व्रतस्थांनी पैशाच्या मागे लागू नये, हीच त्यामागील भावना. पुढे १९१७ च्या धर्मविधिसंहितेतही रोमच्या खास अनुज्ञेवाचून धर्मसेवकांनी व व्रतस्थांनी वैद्यकी वा शस्त्रक्रिया करू नये, हा नियम कायम राहिला. त्यातही बाळंतपण म्हणजे ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या भगिनींनी जवळही फिरकू नये असे क्षेत्र मानले जाई.

परिणामी एक विचित्र स्थिती उद्भवली. अनाथ बालकाला उचलून घ्यायला धर्मभगिनी पुढे होत. परंतु ते बालक ज्या क्षणी अनाथ होत असे, त्या क्षणी त्याच्या मातेच्या उशाशी उभे राहण्याची त्यांना मुभा नव्हती. ख्रिस्तसभेवर आमचे प्रेम आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. एके काळी शहाणपणाने केलेला नियमही काळ बदलला की माणसांच्या जिवावर उठू शकतो. डॉ. मॅक्लारेन यांनी रोमच्या अनेक वाऱ्या केल्या, अर्ज केले, विनवण्या केल्या. १९१३ साली त्या निवर्तल्या तेव्हा उत्तर मिळालेले नव्हते.

त्यांनी ख्रिस्तसभेशी भांडण मांडले नाही, आणि मुकाट्याने घरीही बसल्या नाहीत. आज्ञापालन आणि आग्रह एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे. त्यांच्या हाकेला दोन तरुणींनी ओ दिली. एक टायरॉलची अ‍ॅना डेंगल, आणि दुसरी आपली मेरी ग्लाउरी. या दोघींपैकी कोणालाही अ‍ॅग्नेसबाईंचे प्रत्यक्ष दर्शन घडले नाही.

गुंटूरकडे

निर्णय झाला तरी डॉ. मेरी लगेच निघाल्या नाहीत. युद्धाचे दिवस होते. जेझुइट धर्मगुरू फादर विल्यम लॉकिंग्टन यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शनाखाली त्यांनी वाट पाहिली, आणि ती रिकाम्या हातांनी पाहिली नाही. १९१६ साली मेलबर्नमध्ये कॅथॉलिक स्त्रियांचा समाजसेवी संघ स्थापन झाला, त्याच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. प्रापंचिक स्त्रियांनी आपल्या काळाचे प्रश्न अभ्यासून समाजात उतरावे, ही या संघाची दृष्टी होती. त्याच सुमारास पुढील शिक्षण घेऊन १९१९ साली त्यांनी उच्च वैद्यकीय पदवी मिळवली. अभ्यासाचे विषय होते प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग आणि नेत्ररोग. हिंदुस्थानात जे लागणार, नेमके तेच त्यांनी गाठीशी बांधले. भक्तीची तयारी म्हणजे केवळ उपवास-प्रार्थना नव्हे, अभ्यासही भक्तीच आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

जानेवारी १९२० मध्ये त्यांनी मेलबर्नचा किनारा सोडला आणि फेब्रुवारीत त्या गुंटूरला पोहोचल्या. हा भाग त्या वेळी मद्रास इलाख्यात होता. आता तो आंध्र प्रदेशात आहे. तेथे १९०४ पासून येशू, मरिया व योसेफ यांच्या नावाच्या मूळ डच संस्थेच्या धर्मभगिनी सेवा करीत होत्या. डॉ. मेरी यांनी याच संस्थेत प्रवेश घेतला आणि 'सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट', म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाची मेरी, हे नाव धारण केले. व्रतस्थ असूनही वैद्यकी करण्याची खास अनुज्ञा व आशीर्वाद त्यांना पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्याकडून लाभला. मिशनकार्यातील पहिली डॉक्टर-धर्मभगिनी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळेच. जे दार अ‍ॅग्नेसबाईंनी आयुष्यभर ठोठावले, ते निदान एका व्यक्तीपुरते किलकिले झाले होते. त्याच वर्षी अ‍ॅना डेंगल रावळपिंडीस पोहोचल्या.

हजारोंची एकच डॉक्टर

गुंटूरला सिस्टर मेरींच्या वाट्याला आला तो एक छोटासा दवाखाना. त्यातूनच पुढे संत योसेफ रुग्णालय उभे राहिले. मेलबर्नच्या कॉलिन्स स्ट्रीटवरील दवाखान्यात रुग्ण ठरलेल्या वेळी येत. येथे ते पहाटेपासून ओट्यावर बसून राहत. कोणी मैलोगणती चालत आलेला, कोणी बैलगाडीत घालून आणलेला, कोणी घरगुती उपायांत चार दिवस घालवून शेवटच्या घटकेला पोहोचलेला. अडलेल्या बाळंतिणी, डोळे गमावत चाललेली मुले, तापाने फणफणलेली माणसे. आणि त्या सर्वांना पुरून उरायची ती एकच डॉक्टर. कितीतरी वर्षे त्या तेथे एकट्याच डॉक्टर होत्या. त्यांच्या हयातीत त्या रुग्णालयाच्या सेवेचा लाभ घेतलेल्या रुग्णांची संख्या लाखांत मोजली जाते.

मोकळा वेळ मिळाला की त्या बैलगाडीने आसपासच्या खेड्यांत जात. लोकांची तेलुगू भाषा शिकत. या मातीतील झाडपाल्याच्या औषधांचाही त्यांनी आदराने अभ्यास केला. विलायती औषधे महाग, दूरवरून येणारी, आणि गरिबांना न परवडणारी. जे हाताशी आहे त्याची पारख करून उपयोग करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्यांच्या कार्यातील आणखी एका गोष्टीचा गौरव करायला हवा. त्यांनी स्थानिक मुलींना शिकविले. परिचारिका, सुईणी, औषधे तयार करणाऱ्या कंपाउंडर अशा नात्यांनी गावोगावच्या मुली त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. एक डॉक्टर किती खाटांपाशी पोहोचणार? पण तिने शिकवलेल्या दहा मुली दहा गावांत पोहोचतात. आपल्या घराघरांतून ज्या मुली परिचारिकेचा पांढरा पोशाख चढवून आज देशोदेशी रुग्णसेवा करीत आहेत, त्यांची वाट कोणीतरी आधी अशी काटेकुटे दूर करून मोकळी केलेली आहे.

रुग्णाला हात लावण्यापूर्वी पवित्र आत्म्याला आळविण्याची त्यांची रीत होती. स्वतःविषयी त्या फारसे बोलत नसत. वरिष्ठांच्या इच्छेखातर त्यांनी आत्मवृत्तपर लेखन केले, त्याला शीर्षक दिले ते 'देवाची बिनकामाची' अशा अर्थाचे! लाखांची सेवा करणाऱ्या बाईने स्वतःला बिनकामाची म्हणावे, यात विनय आहे तसा मिस्कीलपणाही आहे.

दार उघडले

१९२५ साली अ‍ॅना डेंगल यांनी वॉशिंग्टन येथे वैद्यकीय मिशनकार्याला वाहिलेल्या भगिनींची संस्था स्थापन केली, पण नियमामुळे त्यांनाही आरंभी पूर्ण अर्थाने जाहीर व्रते घेता आली नाहीत. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमच्या श्रद्धाप्रसार विभागाने नवा आदेश काढला आणि व्रतस्थ भगिनींनी वैद्यक शिकावे, प्रसूतीसमयी माता-बालकांची सेवा करावी, याला मोकळीक दिली. इतकेच नव्हे, तर अशा कार्याला उत्तेजनही दिले. डॉ. मॅक्लारेन यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी त्यांच्या अर्जाला उत्तर मिळाले! या उत्तरामागे गुंटूर आणि रावळपिंडी येथील अनुभवाचे बळ होते असे आम्ही समजतो. धर्मभगिनी बाळंतपण करूनही धर्मभगिनीच राहते, उलट तिच्या व्रताला अधिक तेज चढते, हे सिस्टर मेरींनी सोळा वर्षे रोज सिद्ध करून दाखविले होते.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ च्या जुलै महिन्यात, सिस्टर मेरींच्या पुढाकाराने सोळा भगिनी एकत्र आल्या आणि त्यांनी भारतातील कॅथॉलिक रुग्णालयांचा संघ स्थापन केला. विखुरलेले दवाखाने एका सूत्रात गुंफावेत, औषधशास्त्र आणि ख्रिस्ती नीतिमूल्ये यांची सांगड घालावी, जीवनाच्या आरंभापासून अंतापर्यंत त्याचे पावित्र्य राखावे, ही त्यामागील तळमळ. सिस्टर मेरी पहिल्या अध्यक्षा झाल्या. आपल्या देशात एक कॅथॉलिक वैद्यकीय महाविद्यालय असावे, हे त्यांचे मोठे स्वप्न होते. त्यासाठी त्यांनी लिहिले, विनविले, प्रार्थिले. सोळा भगिनींनी लावलेल्या त्या रोपाच्या छायेत पुढे साडेतीन हजारांहून अधिक आरोग्यसंस्था आल्या, आणि १९९३ पासून तो 'कॅथॉलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया' या नावाने ओळखला जाऊ लागला.

अखेरचा प्रवास

आयुष्यभर इतरांच्या वेदनांवर फुंकर घालणाऱ्या सिस्टर मेरींच्या देहात अखेरच्या वर्षांत कर्करोगाने घर केले. आपल्या दुखण्याचा अर्थ डॉक्टरला इतरांहून लवकर आणि स्पष्ट कळतो. भाबड्या आशेचा आधार त्याला उरत नाही. ज्या क्रूसापुढे त्यांनी असंख्य मरणोन्मुखांसाठी हात जोडले होते, त्याच क्रूसापुढे आता त्यांनी स्वतःला ठेवले. ५ मे १९५७ रोजी, बंगळूर येथे, येशू-मरिया-योसेफ यांच्या नावांचा आधार घेत त्यांनी अखेरचा श्वास घेतला. सत्तरी गाठायला दीड महिना उरला होता.

१९२० साली किनारा सोडल्यापासून सदतीस वर्षांत त्या एकदाही मायदेशी गेल्या नाहीत. घरची पत्रे येत, त्यांची उत्तरे जात. आईवडिलांचा चेहरा मात्र पुन्हा दिसला नाही. त्याग हा शब्द आपण प्रवचनांत सहज वापरतो. त्याचा खरा अर्थ वॉचेमच्या त्या घरातील रिकाम्या खुर्चीला विचारावा. त्या आईबापांनीही गुंटूरला आपला वाटा दिलाच होता.

वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत साकार झाले नाही. भारतीय महागुरूंच्या परिषदेने १९६३ साली बंगळूर येथे संत जॉन वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, तेव्हा सिस्टर मेरींना जाऊन सहा वर्षे झाली होती. ज्या शहरात त्यांनी डोळे मिटले, त्याच शहरात ते उभे राहिले. २०१३ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'देवाची सेविका' असे संबोधून संतपदाच्या प्रक्रियेची वाट मोकळी केली.

आपल्यासाठी

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन काय? एक तर कृतज्ञता. आनंदीबाईंना जे करायचे होते आणि करता आले नाही, अ‍ॅग्नेसबाईंना जे मागायचे होते आणि मिळाले नाही, सिस्टर मेरींना जे पाहायचे होते आणि दिसले नाही, त्या तिन्ही अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांच्या बेरजेवर आज आपल्या लेकी-सुना सुखरूप बाळंत होतात.

दुसरे प्रयोजन थोडे अवघड आहे. आपल्या घरातील हुशार मुलगी डॉक्टर व्हावी असे आपणांस वाटते, आणि ते योग्यच आहे. पण ती डॉक्टर झाल्यावर कोणाची डॉक्टर व्हावी, हा प्रश्न आपण जेवणाच्या पाटावर कधी काढतो काय? आपल्या रुग्णसेवी संस्थांना आधुनिक यंत्रे हवीत, उंच इमारती हव्यात. पण पहाटेपासून ओट्यावर बसलेल्या त्या बाईला दार उघडे आहे ना, हे पाहायचे काम केवळ भगिनींचे नाही, आपले सर्वांचे आहे.

एका रविवारी एक पातळ पुस्तिका एका तरुण डॉक्टरच्या हाती पडली, आणि तिने ती बाजूला सारली नाही. आपल्या घरांत, चर्चच्या बाकांवर, अशा अनेक पुस्तिका न वाचता पडून असतात. यंदा संध्याकाळच्या जपमाळेनंतर आजाऱ्यांसाठी 'नमो मरिया' म्हणताना, त्यांची सेवा करायला आपल्यापैकी कोणाला तरी बोलाव, एवढी पुरवणी जोडण्याचे धैर्य आपणांस लाभो.